जाळीच्या दारामागचं यंत्र

‘दरवाजा बंद कराऽऽ!’ दादर-गिरगावातल्या जुन्या इमारतींत तळमजल्यावरून ही आरोळी अजून ऐकू येते. वर कुणीतरी घाईत बाहेर पडलेलं असतं, जाळीचं दार बोटभर उघडं राहिलेलं असतं आणि लिफ्टने तिथेच ठिय्या दिलेला असतो. भाजीच्या पिशव्या सांभाळत उभी असलेली मंडळी वैतागतात, पण यात लिफ्टची काही चूक नाही. चौकटीत एक छोटासा कॉन्टॅक्ट असतो. दार पुरतं सरकून तो जुळल्याशिवाय मोटर सुरूच होत नाही.

स्टीलच्या चकचकीत डब्यात उभं राहिलं की आपल्याला फक्त आपलाच चेहरा दिसतो. जाळीची लिफ्ट काही लपवत नाही. मजल्यामजल्याच्या स्लॅबच्या कडा दिसतात, तेलकट रूळ दिसतात आणि निम्म्या वाटेवर बाजूने उलट्या दिशेने जाणारी, बिडाचे ठोकळे रचलेली एक चौकट दिसते. हे काउंटरवेट. लिफ्टची निम्मी अक्कल या मुक्या ठोकळ्यांत आहे.

विहिरीच्या रहाटाला दोन्ही टोकांना बादल्या बांधाव्यात, तशी ही रचना. एका टोकाला डबा, दुसऱ्याला ठोकळे, मधला पोलादी दोर वरच्या चाकाच्या खाचांतून गेलेला. बहुतेक लिफ्टमध्ये तो गुंडाळला जात नाही. खाचांतल्या घर्षणावर सगळा कारभार चालतो. ठोकळ्यांचं वजन म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन अधिक पूर्ण भाराचे साधारण चाळीस ते पन्नास टक्के. आपल्याकडच्या हिशेबात एक माणूस ६८ किलोचा धरतात, म्हणून सहा जणांच्या लिफ्टवर ‘४०८ किलो’ असं लिहिलेलं असतं. (त्या ६८ मध्ये आपण बसतो का, हे ज्याचं त्याने पाहावं.) पन्नास टक्क्यांचा हिशेब धरला, तर अशा लिफ्टमध्ये तिघे चढले की तराजू जवळजवळ समतोल. मोटरला मग वजन असं फारसं उचलावं लागतच नाही.

दोर तुटला तर? ही भीती लिफ्टइतकीच जुनी. एलिशा ओटिस या अमेरिकन कारागिराने १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये गर्दीसमोर उंच फळीवर उभं राहून दोर कापायला लावला. फळी किंचित घसरली आणि अडकली. दोराचा ताण गेला की एक स्प्रिंग सुटून रुळांच्या दात्यांत रुतायची, एवढीच युक्ती. तीनच वर्षांनी त्याच शहरातल्या पाच मजली दुकानात त्याची प्रवासी लिफ्ट बसली. आज हे काम गव्हर्नर करतो: ठरलेल्या वेगाच्या पुढे डबा धावू लागला की तो जबड्यांना रूळ पकडायला लावतो. शिवाय दोर एकटा नसतो, अनेक असतात.

महाराष्ट्रात लिफ्टसाठी १९३९ सालचा कायदा होता, २०१७ मध्ये सरकत्या जिन्यांनाही पोटात घेणारा नवा आला. कायद्याने तपासणी होते. ‘मोलकरणींनी ही लिफ्ट वापरू नये’ अशी पाटी लावणाऱ्या सोसायट्यांची अक्कल तपासणारा निरीक्षक अजून नेमलेला नाही.

वीज गेली की लिफ्ट अडकते, ती बेत करूनच. मोटरवरचा ब्रेक स्प्रिंगने कायम आवळलेला असतो. वीज त्याला फक्त उघडते. वीज गेली, ब्रेक बसला. मग लिफ्टमन गच्चीवरच्या मशीन रूममध्ये जातो, मेन स्विच बंद करतो, ब्रेक हाताने सैल करतो आणि चाक फिरवू लागतो. हे काम शिकलेल्यानेच करायचं, वॉचमनने पान्हा घेऊन नव्हे. आत एकदोघंच असतील तर ठोकळे जड ठरतात, त्यामुळे डबा वर नेणंच सोपं जातं. तळमजल्यासाठी निघालेल्या काकू पाचव्यावर बाहेर येतात आणि घाम पुसत जिना उतरणाऱ्या लिफ्टमनलाच विचारतात, ‘अरे, मला खाली जायचं होतं ना?’