शब्दांची कुळकथा : लेखांक नववा – ‘उघड’ या अर्थाचे तीन शब्द

गेल्या लेखांकात गुप्ततेचा अर्थ वाहणाऱ्या इंग्रजी शब्दांचा परामर्श घेतला. आज त्यांच्या प्रतिपक्षाकडे, म्हणजे जे झाकलेले नाही, दडवलेले नाही, वेष पालटून आलेले नाही, अशा गोष्टींच्या वाचक शब्दांकडे वळावयाचे आहे. ‘ओव्हर्ट’, ‘मॅनिफेस्ट’ आणि ‘पेटंट’ या तिन्ही शब्दांना मराठीत ‘उघड’, ‘स्पष्ट’, ‘प्रकट’ हेच पर्याय सामान्यतः सुचतात, आणि त्यावरून विद्यार्थी अशी समजूत करून घेतो की हे शब्द परस्परांच्या जागी खुशाल योजावेत. ही समजूत मला मान्य नाही. कारण लपविण्याच्या रीती अनेक आहेत, आणि यांतला प्रत्येक शब्द एका निराळ्या रीतीला छेद देतो.

‘ओव्हर्ट’ हे जुन्या फ्रेंचमधील ‘उघडणे’ या क्रियापदाचे धातुसाधित होय. त्याच्या विरोधी ‘कोव्हर्ट’ हे ‘झाकणे’ या क्रियापदाचे. पांघरूण काढलेले ते ओव्हर्ट. हे पांघरूण मनाचेही असू शकते, हे कायद्याच्या इतिहासावरून ध्यानात येते. तिसऱ्या एडवर्डच्या कारकिर्दीत १३५१ साली इंग्लंडात राजद्रोहाचा जो कायदा झाला, त्याने राजाचा मृत्यू मनात योजणे हाही अपराध ठरविला. परंतु मनातले कोणास दिसणार, म्हणून अपराध उघड कृतीने शाबीत झाला पाहिजे, असे बंधनही त्याच कायद्यात आले. अमेरिकेच्या राज्यघटनेने तर आरोपीने भर न्यायालयात कबुली दिली नसल्यास एकाच उघड कृतीचे दोन साक्षीदार हवेत, अशी अट घातली. माजी उपराष्ट्राध्यक्ष आरन बर यांच्यावर १८०७ साली रिचमंड येथे राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा ओहायो नदीतील ज्या बेटावर माणसे जमल्याचा आरोप होता, तेथे बर स्वतः हजर नव्हते. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी या अटीचा काटेकोर अर्थ लावला, आणि बर सुटले. हेतूविषयी लोकांत कितीही वदंता असो, ओव्हर्ट म्हणावी अशी त्यांची कृती पुराव्यात आली नाही.

‘मॅनिफेस्ट’चा संबंध हाताशी आहे. रोमन कायद्यात मुद्देमालासह सापडलेल्या चोराची चोरी ‘मॅनिफेस्ट’ समजली जाई. तिच्याबद्दल पुढे चौपट दंड ठरला, आणि तशी नसलेल्या चोरीबद्दल दुप्पट. येथे पांघरूण आहे ते इन्काराचे, आणि पुरावाच ते दूर करतो. ‘रंगेहाथ’ या आपल्या शब्दातही हात आहेच. याच कुळातला ‘मॅनिफेस्टो’ मराठीत ‘जाहीरनामा’ होऊन बसला, हे फार उचित झाले. कारण अरबीतून आलेला ‘जाहीर’ हाही ‘बातिन’ म्हणजे आंतरिक, गूढ याच्या विरोधी उभा असलेला शब्द आहे.

परंतु सर्वांत मनोरंजक कथा ‘पेटंट’ची. लॅटिनमध्ये ‘पातेरे’ म्हणजे उघडे असणे, आणि ‘लातेरे’ म्हणजे दडून असणे. ‘पेटंट’ आणि ‘लेटंट’ ही जोडी तेथली. इंग्लंडच्या राजदफ्तरात पत्रे दोन प्रकारची असत. एक घडी घालून मोहोरबंद केलेले, ज्याचे लाखेचे बंधन फोडल्यावाचून ते वाचता येत नसे, आपल्याकडील खलित्यासारखे. दुसरे उघडे, ज्याची मोहोर खाली लोंबत असे आणि जे कोणीही वाचावे अशीच अपेक्षा असे. हे दुसरे ते ‘लेटर्स पेटंट’. जॉन राजाच्या काळापासून, १२०१ पासून, त्यांच्या नोंदी आहेत. अशाच खुल्या पत्राने राजा एखाद्या कारागिरास मक्ता देई. १६२४ च्या कायद्याने नव्या शोधांपुरता तो चौदा वर्षांवर आणला, आणि पत्राचे विशेषण मक्त्याचे नाव झाले. आपल्याकडे मुंबईचे उच्च न्यायालय १८६२ साली अशाच लेटर्स पेटंटने स्थापन झाले, आणि ‘लेटर्स पेटंट अपील’ हा प्रयोग वकीलवर्गाच्या तोंडी रुळला.

वकिलांच्या भाषेत दस्तऐवजातील संदिग्धताही पेटंट अथवा लेटंट असते. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील उदाहरणे नमुनेदार होती. घोडा एक हजार अथवा दीड हजार रुपयांस विकण्याचा करार असेल, तर खरी किंमत कोणती याचा बाहेरचा पुरावा चालत नाही, कारण दोष लेखाच्या तोंडावरच आहे. उलट ‘कलकत्त्यातील माझे घर’ असे लिहिले, आणि लिहिणाऱ्याचे घर कलकत्त्यात नसून हावड्यास निघाले, तर पुरावा घेता येतो. तेथे शब्द निर्मळ आहेत आणि दोष दडलेला आहे.

आपल्या परिभाषाकारांनी शोधाच्या पेटंटला ‘एकस्व’ म्हटले. शब्द सुबक आहे, पण त्यात मक्ता आला आणि उघडेपणा गेला, याचा मला खेद वाटतो. संशोधकाने आपली कृती, जाणकारास ती करता येईल इतक्या तपशिलाने, सर्वांसमोर मांडावी आणि मोबदल्यात ठराविक मुदतीचा, आज भारतात वीस वर्षांचा, हक्क घ्यावा, असा हा सौदा आहे. ज्याला आपली युक्ती गुप्तच ठेवावयाची आहे, त्याने पेटंटच्या वाटेस जाऊ नये. ‘एकस्व’ वाचणाऱ्यास यातले काही कळत नाही.

न्यायालयीन भाषांतराचे काम करणाऱ्या वाचकांस माझी विनंती आहे की ‘पेटंट’ दोषासाठी ‘दर्शनी’, ‘ओव्हर्ट’ कृतीसाठी ‘उघड’ आणि ‘मॅनिफेस्ट’ चुकीसाठी ‘ढळढळीत’ असे वेगवेगळे शब्द त्यांनी योजून पाहावेत, आणि याहून सरस शब्द त्यांच्या वापरात असतील तर ते अवश्य कळवावेत.