अंडाकृती पाषाणांचा संग्रह

खनिजांचा संग्रह करणाऱ्यांचे सामान्यतः दोन पंथ पडतात. एका पंथाला दगड जसा भूमीतून निघाला तसाच हवा असतो. स्फटिकाच्या टोकाचा टवका उडालेला दिसला तरी त्याचे मन खट्टू होते आणि सहाणेचा हात लागलेला नमुना त्याच्या कपाटात प्रवेशास पात्र ठरत नाही. दुसऱ्या पंथाला दगडाचे अंतरंग पाहावयाचे असते, आणि ते छेदल्यावाचून व घासल्यावाचून प्रकट होत नसल्यामुळे कारागिराच्या हुन्नरापुढे तो कृतज्ञतेने मान लववितो. या दुसऱ्या पंथातच एक छोटा परंतु निष्ठावंत वर्ग असा आहे, की जो केवळ अंड्याच्या आकाराचे, तळहातात मावतील असे, सर्वांगाला झिलई दिलेले पाषाण जमवितो. दिवाणखान्यातील शोभेचा जिन्नस म्हणून अशा अंड्यांकडे पाहण्याची रीत आहे व त्यांची शोभा नाकारण्याचे कारणही नाही; परंतु दगडाची घडण समजून घेण्याचे साधन म्हणून त्यांची जी योग्यता आहे ती त्या शोभेहून पुष्कळ मोठी आहे, आणि तिचाच परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

दगड कापून त्याची सपाट लादी केली, की त्याच्या अंतरंगाचा एकच छेद दृष्टीस पडतो. गोळा केला तर पृष्ठभाग सर्व दिशांना वळतो खरा, पण त्याची वक्रता सर्वत्र सारखी असते. अंड्याची गोष्ट निराळी. त्याचे एक टोक निमुळते, दुसरे रुंद, कुशी लांबट. त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावर दगडाचे थर कोठे आडवे छेदले जातात, कोठे तिरपे, तर कोठे जवळजवळ समांतर खरवडले जातात. समांतर पट्ट्यांचा अकीक घ्या. पट्टे अंड्याच्या लांबीला काटकोनात येतील अशा बेताने ते घडविले असेल, तर त्याच्याभोवती एकाखाली एक कंकणे पडतात; आणि तेच पट्टे लांबीच्या दिशेत धरून घडविले, तर दोन्ही कुशींवर एकात एक लंबवर्तुळे उमटून मध्यभागी डोळा उघडल्यासारखा दिसतो. दगड एकच, पण कारागिराने पहिला काप कोणत्या बाजूने घेतला यावर सारे अवलंबून. लॅब्रॅडोराइटची निळी झळक ठराविक कोनातूनच दिसते, आणि सपाट तुकड्यात तो कोन साधेपर्यंत दगड करडा व निर्जीव वाटतो. अंड्यावर मात्र पृष्ठभागाचा कोणता ना कोणता भाग त्या कोनात येतोच, आणि अंडे बोटांत फिरविले की ती झळक एका अंगावरून दुसऱ्या अंगावर सरकत जाते.

आपल्या वाचकांना या विषयात सर्वांत जवळचा दगड म्हणजे अकीक होय, कारण त्याचे जन्मस्थान आपल्या पायाखालीच आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे जे थरांवर थर पसरले, त्यांत वायूच्या बुडबुड्यांमुळे असंख्य पोकळ्या राहिल्या. कालांतराने सिलिकायुक्त पाणी या पोकळ्यांत झिरपले आणि त्यातील सिलिका भिंतीकडून आत, कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे थराथराने साचत गेली. लोहासारख्या द्रव्यांच्या अल्पांशाने त्या थरांना तांबूस, पिवळट, तपकिरी छटा आल्या. काळा पाषाण झिजून माती झाली तरी हे कठीण गोटे शिल्लक राहिले व नद्यांनी ते दूरवर वाहून नेले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात, पैठणहून पट्टेदार दगड मोठ्या प्रमाणावर गाड्यांत लादून बिकट वाटांनी भडोच बंदराला नेला जात असे, अशी नोंद आहे. गोदावरीकाठच्या दगडाने भूमध्य समुद्रापर्यंत केलेल्या प्रवासाचा तो लेखी पुरावाच म्हणावयाचा.

या दगडाची पेठ पुढे खंबायतला स्थिरावली. कच्चा माल भडोच जिल्ह्यातील रतनपूरच्या टेकड्यांतून येतो. तेथे सिद्दी पीर बाबा घोर यांचा दर्गा असून अकीकाच्या धंद्यातील लोक त्यांना आपले आद्य आश्रयदाते मानतात. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये या धंद्याचा तपशील आला आहे. खाणीतून निघालेला गोटा प्रथम उन्हात वाळवितात आणि मग मातीच्या मडक्यांत घालून गोवऱ्यांच्या मंद आंचेत भाजतात. या भाजण्याने दगडातील लोहाचे रूपांतर होऊन फिकट पिवळा गोटा आरक्त होतो. आंच वाढली की दगड तडकतो, कमी पडली की रंग कच्चा राहतो, आणि हे प्रमाण कोणत्याही यंत्रावर न पाहता केवळ अनुभवाने राखले जाते.

घडाईचे काम तर जवळ बसून पाहण्याजोगे आहे. जमिनीत एक टोकदार लोखंडी मेख तिरकी रोवलेली असते. कारागीर डाव्या हाताने गोटा त्या मेखेच्या टोकावर टेकवितो आणि उजव्या हातातील हातोडीने त्याच्या विरुद्ध अंगावर हलका आघात करतो. ही हातोडी लोखंडाची नसून म्हशीच्या शिंगाची असते व तिचा दांडा बांबूच्या बारीक, लवचीक कामटीचा असतो, त्यामुळे घाव बसतो पण दगड फुटत नाही. मेखेच्या टोकाशी एक पातळ ढलपा मात्र सुटून खाली पडतो. गोटा जरासा फिरवावयाचा, पुन्हा टेकवावयाचा, पुन्हा ठोका. शेकडो ढलपे निघाल्यावर ओबडधोबड आकार तयार होतो. मणी घडविण्यासाठी सिद्ध झालेल्या या रीतीचा माग संशोधकांनी लोथळसारख्या हडप्पाकालीन स्थळांपर्यंत लावला आहे. आता हिऱ्याच्या कण्यांच्या करवती आणि विजेवर फिरणारी चाके आली आहेत, आणि मण्यांच्या बरोबरीने गोळे, अंडी, मनोरे असा माल खंबायतहून परदेशी रवाना होतो. तथापि गोट्याकडे पाहून आत थर कोणत्या दिशेने गेले असतील हे ताडण्याची जी दृष्टी लागते, ती त्या जुन्या मेखेपाशीच घडलेली आहे.

अंडे घडविणे गोळा घडविण्यापेक्षा अवघड असते. गोळा दोन-तीन वाटीसारख्या फिरत्या साधनांच्या मध्ये धरला, की चहूबाजूंनी झिजत झिजत तो आपोआप गोल होतो. अंड्याची वक्रता बिंदूगणिक बदलत असल्यामुळे त्याला साच्याच्या आधाराने किंवा निव्वळ हाताच्या अंदाजाने चाकावर फिरवावे लागते. प्रथम करवतीने चौकोनी ठोकळा, मग कोपरे मारून पिंपासारखा आकार, मग जाड्या कणांच्या चाकावर अंडे, आणि त्यानंतर उत्तरोत्तर बारीक होत जाणाऱ्या कणांच्या घासण्या. यांतील एकही पायरी घाईने उरकून चालत नाही, कारण जाड कणांचा एखादा ओरखडा राहून गेला तर शेवटच्या झिलईत तोच सर्वांत ठळक दिसतो. अखेरीस नमद्यावर सेरियम किंवा कथिल यांच्या ऑक्साइडची भुकटी घेऊन पाण्यासारखी चमक आणतात. जर्मनीतील ईडार-ओबरश्टाइन या गावी हेच घर्षणकर्म पूर्वी नदीच्या पाण्यावर फिरणाऱ्या वालुकाश्माच्या प्रचंड चाकांवर चाले, आणि कारागीर लाकडी बाकावर पोटावर पालथे पडून साऱ्या देहाचा भार देऊन दगड चाकाला लावीत. तेथील अकीक संपत आल्यावर, एकोणिसाव्या शतकात ब्राझीलला गेलेल्या त्याच मुलुखातील लोकांनी तिकडचा अकीक गावाकडे धाडावयास आरंभ केला आणि बुडू पाहणारा धंदा तरला.

रशियात या आकाराला धार्मिक प्रतिष्ठा लाभली, कारण ईस्टरच्या सणाला परस्परांना अंडी देण्याची तेथे प्रथा होती व उरल पर्वताच्या परिसरात मॅलाकाइट, ऱ्होडोनाइट, जास्पर असे दगड विपुल होते. फाबेर्जे यांच्या पेढीने 1885 पासून झारच्या घराण्यासाठी जी सुप्रसिद्ध अंडी घडविली, त्यांतील बहुतेकांचे वैभव सोन्याचे व मिनाकामाचे. परंतु 1891 चे अंडे हिरव्या पाषाणावर रक्तबिंदू असलेल्या हेलिओट्रोपमधून कोरलेले आहे. त्याच्या आत ‘पाम्यात अझोवा’ या युद्धनौकेची इवलीशी प्रतिकृती आहे, आणि याच नौकेतून युवराज निकोलस 1890 च्या डिसेंबरात मुंबई बंदरात उतरला होता. 1913 च्या ‘हिवाळी’ अंड्यासाठी तर आल्मा पील या तरुण रेखाटनकर्तीने निर्मळ स्फटिकाची निवड केली. राजवैभवाच्या या वस्तू सामान्य संग्राहकाच्या आवाक्याबाहेरच्या असल्या, तरी त्यांपैकी या दोहोंत दगड स्वतःच अलंकार झाला आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

जीवाश्मयुक्त पाषाणांची अंडी हा या संग्रहाचा सर्वांत विचारप्रवर्तक विभाग होय. मोरोक्कोतील एरफूद परिसरातून येणारा काळा चुनखडक डेव्होनियन कालखंडातील, म्हणजे 35 कोटी वर्षांहून जुना आहे, आणि त्यात सरळ शिंपल्यांचे ऑर्थोसेरास नावाचे सागरी प्राणी दाटीने पुरले गेले आहेत. त्याचे अंडे हातात घेऊन प्रकाशात धरावे. कुशीवर पांढरा निमुळता शंकू दिसतो, आणि त्यात शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे आडव्या रेषा. त्या प्राण्याच्या कवचातील कप्प्यांच्या भिंती होत. अंडे टोकाकडे वळवावे, तर तेथे दुसरे एखादे कवच आडवे छेदले गेल्याने पांढरे वर्तुळ व त्यात कप्प्यांना जोडणाऱ्या नळीचा ठिपका दिसतो. एकाच वस्तूवर उभा आणि आडवा असे दोन्ही छेद सापडल्यामुळे मन आपोआप त्यांची सांधेजोड करते आणि त्या प्राण्याची घडण डोळ्यांपुढे साकार होते. अश्मीभूत लाकडाचेही असेच: टोकावर खोडाची वर्तुळे, कुशीवर तंतूंच्या सरळ रेषा. अमेरिकेतील मिशिगन सरोवराच्या काठी सापडणाऱ्या पेटॉस्की दगडात प्रवाळाच्या षट्कोनी पेशी एका अंगाला दिसतात, तर दुसऱ्या अंगाला त्याच पेशींच्या लांबट नळ्या. मादागास्करच्या सेप्टेरियन गोट्यांत जीवाश्म नसले तरी चिखलाचा गोळा आतून भेगाळल्याचा व त्या भेगांत पिवळे कॅल्साइट साचल्याचा वृत्तान्त स्पष्ट वाचता येतो. आपल्याकडे जैसलमेरजवळच्या हाबूर गावचा पिवळसर तपकिरी, जीवाश्मांनी गच्च भरलेला दगड भांडी व शोभेच्या वस्तू करण्यासाठी वापरला जातो. गंडकीच्या शाळिग्रामातील चक्र हेही अमोनाइट या सागरी प्राण्याच्या कवचाचाच ठसा; पाषाणातील अशी खूण आदराने जतन करण्याची वृत्ती आपल्या देवघरांना अपरिचित नाही.

आता संग्राहकाच्या दक्षतेविषयी. 6 सेंटीमीटर लांब आणि 4.5 सेंटीमीटर रुंद अशा अंड्याचे घनफळ सुमारे 64 घन सेंटीमीटर भरते. ते अकीकाचे असेल तर वजन 165 ते 170 ग्रॅम यावे. फ्लोराइटचे असेल तर 200 च्या किंचित वर. मॅलाकाइटचे 240 च्या आसपास. मॅलाकाइट म्हणून घेतलेल्या अंड्याचा काटा याच्या निम्म्यावरच थांबला, तर ती रंगविलेली राळ आहे असे निःशंक समजावे. काचेचे वजन मात्र अकीकाच्या जवळपास येत असल्याने तेथे स्पर्शाचा आधार घ्यावा लागतो: स्फटिक उष्णता लवकर वाहून नेतो, म्हणून गालाला लावला असता तो काचेपेक्षा थंड लागतो व अधिक वेळ थंड राहतो; शिवाय भिंगातून काचेतील बुडबुडे दिसतात. भडक निळा, गुलाबी किंवा जांभळा अकीक बहुधा रंग चढविलेला असतो. तसे सांगून विकल्यास त्यात गैर नाही. न सांगता विकणे ही मात्र उघड फसवणूक होय. फ्लोराइट चार दिशांनी सहज दुभंगतो, कॅल्साइटवर लिंबाचा थेंबही डाग पाडतो, आणि अकीक या दोहोंना ओरखडे काढतो. तेव्हा प्रत्येकाला स्वतंत्र कापडी खण हवा.

या सर्वांहून महत्त्वाची एक बाब राहते. अकीक कोरडा घासताना सिलिकाची जी सूक्ष्म धूळ उडते, ती फुप्फुसात बसून सिलिकोसिस नावाचा दुर्धर रोग जडवते, आणि खंबायतमध्ये घासकाम घरोघर चालत असल्याने तिची झळ केवळ कारागिरालाच नव्हे, तर त्याच्या बायकामुलांना व शेजाऱ्यांनाही पोचते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या विकाराचा अभ्यास केलेला आहे. चाकावर पाणी सोडून घासणे, धूळ ओढून घेणारे यंत्र बसविणे, असे उपाय ठाऊक आहेत. त्यांना खर्च येतो, आणि तो खर्च अंड्याच्या किमतीत मिळविण्यास गिऱ्हाईक राजी नसेल तर कारागिराने तो कोठून करावा? स्वस्त अंड्याची उरलेली किंमत कोणीतरी आपल्या श्वासाने चुकती करीत असतो, हे संग्राहकाने क्षणभरही विसरता कामा नये.

म्हणून या छंदात शिरणाऱ्याने पहिल्या दिवसापासून एक नोंदवही ठेवावी, आणि तीत खनिजाचे नाव, सापडण्याचे ठिकाण, वजन व माप यांच्या जोडीने ते अंडे कोणत्या गावी घडले व तेथे घासकाम ओले चालते की कोरडे, हाही रकाना ठेवावा. विक्रेत्याला हा प्रश्न वारंवार विचारला गेला तर तो व्यापाऱ्याला विचारील आणि व्यापारी कारखान्याला. मागणीच्या वाटेनेच सुधारणा मागे मागे पोचते. ज्या आकाराने आपल्याला दगडाच्या सर्व बाजू पाहण्याची सवय लावली, त्याच्या संग्राहकाने त्या दगडामागच्या माणसाची बाजू न पाहिल्यास त्याचे वाचन अपुरे राहील, आणि ती बाजू पाहून, ओल्या घासकामाचे दोन पैसे अधिक मोजून घेतलेले एकच अंडे विचार न करता भरलेल्या कपाटापेक्षा श्रेष्ठ ठरेल.