अंतराळयानाचा भाव कशाने काढायचा?

डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या लेगो कंपनीने १९७९ मध्ये ‘गॅलेक्सी एक्सप्लोरर’ नावाचं एक अंतराळयान खोक्यात घालून विकायला आणलं. निळं-राखाडी अंग, पिवळ्या पारदर्शक काचा, तुकडे ३३८. अमेरिकेतली किंमत होती ३२ डॉलर. कंपनीच्या नव्वदीनिमित्त २०२२ मध्ये तेच यान नव्या रूपात आलं. या वेळी तुकडे १२५४ आणि किंमत जवळपास १०० डॉलर.

अंतराळाच्या खेळण्यांबद्दल बोलणारी माणसं ‘पूर्वी स्वस्त होतं, आता परवडत नाही’ असं हमखास म्हणतात. या दोन खोक्यांवर ते ताडून बघता येतं. अमेरिकेतली महागाई धरली, तर १९७९ चे ३२ डॉलर म्हणजे २०२२ चे साधारण १३० डॉलर. म्हणजे जुन्या यानाचा एक तुकडा २०२२ च्या पैशांत ३८ सेंटला पडला आणि नव्याचा ८ सेंटला. तुकड्यामागचा भाव जवळजवळ पाचपट उतरला आहे!

पण तुकडा हे काही स्थिर माप नाही. जुन्या खोक्यात चंद्राच्या विवरांसारखे खळगे असलेला एक मोठा पाट यायचा, जवळपास २५ सेंटिमीटर लांब-रुंद, आणि मोजणीत तो धरला जायचा एक. नव्या खोक्यात असा पाट नाही. त्याऐवजी पृष्ठभाग गुळगुळीत दिसावा म्हणून नखाएवढ्या फरशा आणि उतारांचे बारीक तुकडे शेकड्यांनी आहेत. आठ उंचवट्यांचा नेहमीचा ठोकळा सुमारे सव्वादोन ग्रॅम भरतो, तर एका उंचवट्याची पातळ पट्टी पाव ग्रॅमही भरत नाही. मोजताना दोन्हींची किंमत सारखीच.

आकाराचं गणितही इथे मजेचं आहे. नवं यान जुन्याच्या दीडपट आहे. लांबी दीडपट झाली की पृष्ठफळ सव्वादोनपट होतं आणि घनफळ ३.३७५ पट. यान आतून पोकळ असल्यामुळे तुकडे पृष्ठफळाच्या प्रमाणात वाढायला हवेत, म्हणजे ३३८ चे सुमारे ७६०. प्रत्यक्षात वाढले १२५४ पर्यंत. वरचे पाचशेच्या आसपास तुकडे गेले आतला सांगाडा बळकट करण्यात, दुमडणारे पाय बसवण्यात आणि बाहेरचा खडबडीतपणा घालवण्यात. मोठं यान स्वतःच्या वजनाने वाकू नये म्हणून त्याला आतून आधार लागतो. खऱ्या विमानाची हीच अडचण असते. त्यामुळे वाढीव पैशांतला काही भाग चक्क रचनाशास्त्राचा आहे.

भाव प्लॅस्टिकच्या वजनावरून काढायचा म्हटलं, तरी उत्तर येत नाही, कारण कच्चा माल त्यात फार थोडा. पैसे जातात ते अचूकपणात.

ठोकळा कसा धरतो, ते बघा. त्याच्या पाठीवरच्या शेजारच्या दोन उंचवट्यांच्या केंद्रांतलं अंतर ८ मिलिमीटर असतं आणि उंचवट्याचा व्यास ४.८ मिलिमीटर. चार उंचवट्यांचा चौरस धरला, तर त्याचा कर्ण पायथागोरसच्या नियमाने ११.३१ मिलिमीटर येतो. त्यातून दोन टोकांच्या त्रिज्या, म्हणजे एकूण ४.८, वजा केल्या की मधे ६.५१ मिलिमीटरची जागा उरते. वरच्या ठोकळ्याच्या पोटातल्या पोकळ नळीचा बाहेरचा व्यास नेमका तेवढा असतो. ही नळीची युक्ती गोटफ्रेड कर्क क्रिस्तियानसेन यांनी २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी नोंदवली. त्याआधीचे ठोकळे पोटातून मोकळे होते, एकमेकांवर बसायचे पण धरायचे नाहीत. नळी आली आणि प्रत्येक उंचवटा नळी व भिंती यांच्या मधे पकडला जाऊ लागला. दाबताना प्लॅस्टिक किंचित ताणलं जातं, मूळ आकारात परतायला बघतं, आणि त्या ओढीतून पकड तयार होते.

हा ताण फार थोड्या मर्यादेत ठेवावा लागतो. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडेतिकडे झाला, तर ठोकळा एक तर गळून पडेल किंवा मुलाच्या बोटांना सुटणार नाही. ठोकळ्यांसाठी १९६३ पासून वापरात असलेलं एबीएस प्लॅस्टिक सुमारे २३० अंश सेल्सिअसला वितळवून साच्यात दाबलं जातं आणि थंड होताना अंदाजे अर्धा टक्का आकसतं. आठ उंचवट्यांच्या ठोकळ्याची लांबी ३१.८ मिलिमीटर आहे. तिचा अर्धा टक्का म्हणजे ०.१६ मिलिमीटर, म्हणजे चालण्यासारख्या चुकीच्या सोळापट. त्यामुळे साचा घडवणाऱ्याला आकसणं आधीच ओळखून पोलाद कोरावं लागतं. एकेका साच्याला लाखो रुपये पडतात आणि तो खर्च लाखो नगांवर पसरला, तरच ठोकळा परवडणाऱ्या भावात निघतो.

ही शिस्त साठ वर्षांहून जास्त काळ पाळली गेली, म्हणून १९७९ च्या यानाचा ठोकळा २०२२ च्या यानावर घट्ट बसतो. आजोबांच्या पेटीतला तुकडा नातवाच्या पेटीत चालावा, अशी वस्तू आज किती उरली आहे? माझ्या मते खोक्याच्या किमतीतला सर्वांत रास्त भाग हाच.

आता ही यानं आली कुठून, ते सांगायला हवं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर लेगोने चंद्रावतरणाचा संच काढला होता, पण अंतराळाच्या खेळण्यांना खरी गती दिली येन्स न्यूगॉर्ड क्नुडसेन या रचनाकाराने. हातपाय हलवणारी, हसऱ्या चेहऱ्याची चिमुकली लेगो माणसं त्याचीच निर्मिती. ती १९७८ मध्ये आली आणि त्याच सुमारास त्यांच्या अंगावर अंतराळपोशाख चढला. अंतराळमालिका अमेरिकेत १९७८ ला सुरू झाली आणि युरोपात पुढच्या वर्षी. लाल आणि पांढऱ्या पोशाखातले पहिले अंतराळवीर शस्त्र बाळगत नव्हते. त्यांना शत्रूच नव्हता. त्यांच्याकडे होते रडारच्या थाळ्या, चंद्रावरच्या गाड्या, संगणकाचे पडदे आणि मोजमापाची यंत्रं. शीतयुद्ध चालू असताना बिलुंडच्या माणसांनी मुलांच्या हातात संशोधकांचं अंतराळ दिलं, याचं मोल मला फार वाटतं. क्नुडसेन २०२० मध्ये गेला.

त्या अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाचा हनुवटीजवळचा पट्टा फार पातळ होता. काढघाल करताना तो हमखास तडकायचा. पुढे साचा बदलून तो जाड केला गेला, आणि २०१४ च्या लेगो चित्रपटात बेनी नावाच्या निळ्या अंतराळवीराला मुद्दाम तडकलेलं शिरस्त्राण दिलं. एका साच्यातली उणीव साऱ्या पिढीची ओळख बनली!

१९८७ मध्ये काळ्या पोशाखातली ‘ब्लॅकट्रॉन’ टोळी आली आणि शांततेचा काळ संपला. मागोमाग अंतराळ पोलीस आले, चुंबक वापरणारे खाणकामगार आले, बर्फाळ ग्रहावरचे शास्त्रज्ञ आले. या साऱ्या कथा कंपनीच्या स्वतःच्या होत्या, त्यापायी बाहेर कोणाला पैसे द्यावे लागत नव्हते. १९९९ मध्ये ‘स्टार वॉर्स’शी करार झाला आणि हे समीकरण बदललं. नावातच युद्ध असलेली गोष्ट मुलांना विकावी का, यावर कंपनीत आधी बराच वाद झाला होता. करारानंतर खपाचा ओघ सिनेमातल्या यानांकडे वळला, आणि खरेदीदार ठोकळ्यांबरोबर परवान्याचेही पैसे मोजू लागला.

तरीही २००३-०४ मध्ये कंपनी मोठ्या तोट्यात गेली. त्यामागे एक कारण साच्यांचंच होतं. रचनाकार दर संचासाठी नवनवे खास तुकडे मागत गेले आणि वेगवेगळ्या तुकड्यांची संख्या बारा हजारांपलीकडे पोहोचली. नवा तुकडा म्हणजे नवा साचा, नवा साठा, नवी मोजदाद. २००४ मध्ये सूत्रं हाती घेतलेल्या यॉर्गेन वीग क्नुडस्टॉर्प यांनी ही संख्या जवळजवळ निम्मी केली. असलेल्या तुकड्यांतूनच नवं घडवा, असा दंडक आला आणि कंपनी सावरली. ठोकळ्यांच्या खेळाचं मूळ तत्त्वही तेच होतं.

पुढचं वळण मला सर्वांत आवडतं, कारण त्यात खरं अंतराळ आलं. लेगोने लोकांकडून कल्पना मागवायला सुरुवात केली. दहा हजार पाठिंबे मिळाले की कंपनी त्या रचनेचा विचार करते. लोकांच्या अशा कल्पनांमधून २०१२ मध्ये जपानचं हायाबुसा यान आलं आणि २०१४ मध्ये मंगळावरची क्युरिऑसिटी गाडी. या गाडीचा आराखडा केला स्टीफन पकबाझ यांनी. ते नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत अभियंता होते आणि खऱ्या क्युरिऑसिटीवर त्यांनी काम केलं होतं. खऱ्या गाडीची सहा चाकं जोडदांड्यांवर अशी बसवलेली असतात की एक चाक खडकावर चढलं, तरी उरलेली पाच जमीन सोडत नाहीत. त्यासाठी स्प्रिंग लागत नाही, भार दांड्यांमधूनच वाटला जातो. तीच रचना पकबाझ यांनी २९५ तुकड्यांच्या संचात आणली. तिची किंमत होती ३० डॉलर. पुस्तकांच्या ढिगावरून ती गाडी ढकलत नेताना दांड्यांचं काम जसं कळतं, तसं ते आकृतीतून कळत नाही.

२०१७ मध्ये सॅटर्न-५ रॉकेटचा संच आला. तुकडे बरोबर १९६९, म्हणजे चंद्रावर पाऊल पडलं ते साल, आणि किंमत १२० डॉलर. प्रमाण १:११०. मूळ रॉकेट ११०.६ मीटर उंच होतं, म्हणून प्रतिकृती मीटरभर उंच. तिचे तीन टप्पे खऱ्यासारखे सुटे होतात. तुकड्यामागे भाव येतो सहा सेंट. ‘स्टार वॉर्स’मधल्या ‘मिलेनियम फाल्कन’चा ७५४१ तुकड्यांचा संच त्याच वर्षी ८०० डॉलरला आला. त्याचा तुकड्यामागचा भाव साडेदहा सेंटच्या वर जातो. मोठे तुकडे असल्याने हा सगळा फरक परवान्याच्या नावावर टाकता येणार नाही. पण नासाची छायाचित्रं आणि माहिती सहसा स्वामित्वहक्काच्या बंधनात नसतात आणि सिनेमाची असतात, ही गोष्ट दोन्ही खोक्यांमागे आहे.

१२० आणि ८०० डॉलरचे हे संच मुलांनी खाऊच्या पैशांतून घ्यावेत असे नाहीतच. गिऱ्हाईक बदललं. १९७९ मध्ये ज्यांच्याकडे ते यान होतं किंवा ज्यांना ते मिळालं नाही, ती मुलं आता पन्नाशीत आहेत आणि कमावती आहेत. त्यातून बंद खोकी साठवून विकण्याचा धंदाही वाढला. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या व्हिक्टोरिया डोब्रिन्स्काया आणि त्यांच्या सहलेखिकेने १९८७ ते २०१५ मधल्या सुमारे २३०० संचांच्या किमती तपासल्या. न उघडलेल्या खोक्यांवर सरासरी वर्षाला ११ टक्क्यांच्या आसपास परतावा मिळतो, असं त्यांना आढळलं. त्याच वेळी काही संचांची किंमत निम्म्यावर आली, तर काहींची कित्येक पट झाली. मला हा आकडा आनंद देत नाही. जोडून मोडून पुन्हा जोडण्यासाठी पोलादात शंभरावा भाग सांभाळायचा आणि मग खोकं उघडायचंच नाही, यात एवढी मेहनत वाया जाते.

आपल्याकडे या भावात आणखी भर पडते. खेळण्यांवरचं आयातशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक चिन्हही सक्तीचं आहे. चिन्हाची सक्ती मला योग्य वाटते, कारण स्वस्त खेळण्यांतल्या रंगांची आणि सुट्या भागांची तपासणी व्हायलाच हवी. पण शुल्कामुळे सॅटर्न-५ सारखा संच शिक्षकाच्या किंवा लिपिकाच्या घरात पोहोचणं अवघड होतं, आणि विज्ञानाची गोडी लावणारी वस्तू काही मोजक्या घरांपुरती राहते.

देशातच चांगले संच होणं, हा यावरचा उपाय आहे आणि त्याची कायद्यातली वाट कधीच मोकळी झाली आहे. १९५८ च्या पेटंटची मुदत केव्हाच संपली. ठोकळ्याचा आकार व्यापारचिन्ह म्हणून राखून ठेवण्याची लेगोची मागणीही युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये फेटाळली, कारण उंचवटे आणि नळ्या हा तांत्रिक उपाय आहे, त्यावर कायमची मालकी सांगता येत नाही. आठ मिलिमीटरचं ते अंतर आता कोणीही वापरू शकतं. अडचण उरते ती साच्याच्या अचूकपणाची. तीही महाराष्ट्राला अनोळखी नाही. विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात इस्रोचं विकास इंजिन तयार होतं, वालचंदनगरला रॉकेटच्या मोटरची कवचं होतात, आणि वसई-पिंपरीच्या टूलरूममध्ये प्लॅस्टिकचे साचे रोज घडतात. इस्रोचं ४४ मीटर उंचीचं पीएसएलव्ही रॉकेट सॅटर्नच्याच १:११० प्रमाणात केलं, तर ते ४० सेंटिमीटरचं होईल. चार टप्पे, भोवती लावायच्या सहा जोड-मोटरी, टोकाच्या टोपणात एक छोटा उपग्रह. पाचवी-सहावीच्या मुलाला दोन तासांत जोडता येईल आणि कोणता टप्पा घन इंधनाचा, कोणता द्रव, हे सुटं करून दाखवता येईल, इतका तो संच छोटा असेल, आणि एखाद्या टूलरूमने व खेळणी करणाऱ्या उद्योजकाने तो मनावर घ्यावा असं मला मनापासून वाटतं.