किल्ली नसलेलं विमान

नागझिऱ्याचा 'जय' वाघ २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात गेला आणि एप्रिल २०१६ नंतर दिसेनासा झाला. गळ्यात रेडिओ कॉलर असताना एवढा दांडगा वाघ हरवतोच कसा, असा प्रश्न तेव्हा बातम्यांतून महिनोन्‌महिने विचारला गेला. पायी गस्त घालणाऱ्या वनरक्षकाला तो प्रश्नच चुकीचा वाटणार. कॉलर म्हणजे काही वाघाला बांधलेली दोरी नव्हे.

विमान चोरीला गेल्याची बातमी आली की विमानतळावर राबणाऱ्यांचंही असंच होतं. नागझिरा ज्या गोंदिया जिल्ह्यात आहे, तिथेच बिरसीचा विमानतळ आहे. धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. पुढे तिथे वैमानिकांचं प्रशिक्षण सुरू झालं आणि डिसेंबर २०२३ पासून इंडिगोचं एटीआर विमान हैदराबादला जाऊ लागलं. दोन पंख्यांचं, सत्तरेक आसनांचं. १० ऑगस्ट २०१८ च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या सिएटल-टॅकोमा विमानतळावरून पळवलेलं विमान याच जातकुळीतलं होतं : होरायझन एअरचं क्यू-४०० टर्बोप्रॉप, ७६ आसनांचं आणि पूर्ण रिकामं. ते सुमारे सव्वा तास हवेत होतं. पोर्टलंडहून दोन एफ-१५ लढाऊ विमानं त्याच्या मागावर निघाली. अखेर केट्रॉन बेटावर ते कोसळलं आणि आतला एकटा माणूस गेला. जमिनीवर कुणालाही इजा झाली नाही.

पहिल्याच रात्री त्या माणसाला 'मेकॅनिक' म्हटलं गेलं. तो मेकॅनिक नव्हता. तो ग्राउंड स्टाफमधला होता. सामान चढवणं-उतरवणं, बर्फ काढणं, ट्रॅक्टर लावून विमान ओढणं ही त्याची कामं. बाहेरच्याला हा फरक किरकोळ वाटेल, पण या धंद्यात तो फार मोठा आहे. मेकॅनिककडे परवाना असतो, दुरुस्तीच्या कागदावर त्याची सही असते. सामान चढवणाऱ्याची सही कुठेच नसते. एका शब्दाच्या चुकीने भलत्याच खात्यावर संशय जातो.

दुसरा प्रश्न किल्लीचा. प्रवासी विमानाला मोटारीसारखी किल्ली नसतेच. इंजिन सुरू होतं ते कॉकपिटमधली बटणं आणि दांडे ठराविक क्रमाने वापरून. ते विमान ज्या जागी उभं होतं तिथून सरळ निघता आलं नसतं. त्याने आधी ट्रॅक्टर लावून त्याचं तोंड फिरवलं, आणि ते तर त्याचं रोजचंच काम. रोज विमान ओढणारा माणूस विमान ओढताना दिसला, तर थांबवणार कोण? म्हणून कुलूप कुठे होतं हे विचारण्यात हशील नाही. विमानाला राखण असते ती भोवतालच्या कुंपणाची, फाटकाची आणि गळ्यातल्या पासची. तो पास त्याच्याकडे होता, आणि खरा होता.

आपल्याकडेही रचना हीच आहे. कंदहारच्या अपहरणानंतर फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून सीआयएसएफने विमानतळांचा ताबा घ्यायला सुरुवात केली. पार्श्वभूमीची पडताळणी झाल्याशिवाय विमानतळाच्या आत काम करण्याचा पास मिळत नाही. ही गाळणी बाहेरून येणाऱ्यासाठी उत्तम आहे. आत रुजू झालेल्या माणसाचं पुढे काय बिनसत गेलं, हे मात्र तिला कळत नाही. सिएटलचा तो तरुण नियंत्रकाशी बोलताना किमान वेतनाचा विषय काढत होता. नियंत्रक त्याला शांतपणे जवळच्या लष्करी तळावर उतरण्यासाठी वळवत होता. माझ्या मते त्या रात्रीचं सर्वांत कसबी काम त्या नियंत्रकाचं. पण इंटरनेटवर गाजल्या त्या आकाशातल्या गिरक्या, आणि 'आकाशाचा राजा' म्हणून त्या माणसाला मिरवलं गेलं. ज्यांचा सहकारी गेला आणि ज्यांच्यावर दुसऱ्या दिवसापासून चौकशीची पाळी आली, त्यांना हे कौतुक कसं रुचावं? नोव्हेंबर २०१८ मध्ये एफबीआयने निष्कर्ष दिला : तो एकटाच होता, दहशतवादाशी संबंध नव्हता.

याच्या उलट तऱ्हा अंगोलातली. २५ मे २००३ रोजी लुआंडाच्या विमानतळावरून एक बोइंग ७२७ परवानगीशिवाय उडालं. त्याआधी वर्षाहून अधिक काळ ते तिथे पडून होतं. आत एक अमेरिकन फ्लाइट इंजिनिअर आणि त्याचा काँगोचा सहकारी असावेत असं मानलं जातं. अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांना दोन वर्षंही झाली नव्हती, त्यामुळे विमान दहशतवाद्यांच्या हाती पडल्याची भीती जगभर पसरली. पुरावा नसतानाही आरोपी ठरले ते हेच दोन कामगार. ते चोर होते की चोरीचे बळी, हे आजवर ठरलेलं नाही.

तेव्हा अशी बातमी पुन्हा आली, तर पहिल्या दिवशी त्यातली एवढीच गोष्ट धरून ठेवावी : विमान कुठून आणि किती वाजता उडालं. ते कोणी नेलं आणि का, यासाठी तपासाच्या अहवालाची वाट पाहावी. सिएटलच्या वेळी तो यायला तीन महिने लागले होते.