आभासी गावातली खरी माणसं

रविवारी दुपारी वसईतल्या वटारला आमच्या ओट्यावर पुतण्या मोबाइल आडवा धरून बसला होता. मी शेजारी जाऊन बसलो, तर त्यानं मला त्याचं बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, दाखवलं. माइनक्राफ्टमध्ये दोन बाय दोनचा खड्डा खणायचा, तिरक्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत एकेक बादली पाणी ओतायचं. मग कितीही उपसा, ते आटत नाही. बाजूला गव्हाचा वाफा होता. पाण्याचा एक ठोकळा चारी बाजूंना चार-चार ठोकळे जमीन ओली ठेवतो, म्हणून मधोमध पाणी ठेवून त्यानं नऊ बाय नऊचा वाफा आखला होता. विहिरीच्या आणि बावखलाच्या पाण्यावर वाडी जगवलेल्या माणसाला हे बघून कौतुकच वाटेल. "कुणी शिकवलं रे?" "सर्व्हरवरच्या एका दादानं." दादा कुठला, त्याचं वय काय, हे त्याला ठाऊक नव्हतं. घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मुलाची हुशारी खरी होती आणि तो अनोळखी दादाही खरा होता. या आभासी जगांबद्दल आपल्याकडे घरोघरी जे बोललं जातं, त्यातून नेमकी ही दोन्ही सत्यं सुटतात. म्हणून काही गैरसमज इथे एकेक करून घेतो.

"हा नुसता गेम आहे"

ल्यूडोत सोंगट्या घरात गेल्या की डाव संपतो. आभासी जगात संपणारा डावच नसतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडेन लॅब या कंपनीनं 'सेकंड लाइफ' 23 जून 2003 रोजी सुरू केलं. तिथे गुण मिळत नाहीत, कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. माणसं घरं बांधतात, दुकानं टाकतात, गाण्याच्या मैफिली करतात, भांडतात, लग्नंही लावतात. कंपनी त्यांना खेळाडू म्हणत नाही, रहिवासी म्हणते. तिथली जमीन 256 मीटर लांब आणि तेवढ्याच रुंद तुकड्यांत मोजली जाते. 2007 साली मालदीव आणि पाठोपाठ स्वीडननं तिथे आपले दूतावास थाटले. टॉम बोलस्टॉर्फ नावाचे मानववंशशास्त्रज्ञ आधी इंडोनेशियात संशोधन करत होते. एखाद्या गावात जाऊन राहावं तसे ते दोन वर्षांहून जास्त काळ सेकंड लाइफमध्ये राहिले, लोकांशी बोलले आणि 2008 साली त्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला.

हे सगळं झुकरबर्गनं काढलं, असंही अनेकांना वाटतं. फेसबुकच्या कंपनीनं 'मेटा' हे नाव घेतलं ते ऑक्टोबर 2021 मध्ये. अशा जगांसाठी वापरला जाणारा 'मेटाव्हर्स' हा शब्द नील स्टीफन्सन यांच्या 1992 च्या कादंबरीतला आहे. त्याच्याही आधी, 1978 साली, इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी अनेकांना एकाच वेळी वावरता येईल असं जग नुसत्या अक्षरांत उभं केलं होतं. आणि हा परदेशातलाच उद्योग राहिला आहे असंही नाही. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीनं ऑक्टोबर 2024 मध्ये 'इंडस' हा गेम आणला, त्यातल्या कल्पित जगाचं नाव आहे 'वीरलोक'. आमच्या पोरांनी उद्या सोपाऱ्याचं जुनं बंदर आणि स्तूप ठोकळ्यांनी उभारायला घेतलं, तर मला फार आनंद होईल.

"तिथला पैसा खोटा असतो"

हा गैरसमज खिशाला चटका देणारा आहे. सेकंड लाइफचं चलन लिंडेन डॉलर. एका अमेरिकी डॉलरला साधारण अडीचशे मिळतात, आणि ते परत खऱ्या डॉलरमध्ये बदलूनही घेता येतात. म्हणून तिथे नुकसान झालं की तेही खरंच असतं. 'गिंको फायनान्शियल' नावाची एक बँक तिथे निघाली होती. भरमसाट व्याजाचं आमिष दाखवून तिनं ठेवी गोळा केल्या आणि ऑगस्ट 2007 मध्ये ती बुडाली. चिट फंडाच्या कहाण्या ऐकत वाढलेल्या आपल्या माणसांना यात नवीन काही वाटणार नाही. जानेवारी 2008 पासून, सरकारी परवाना नसेल तर तिथे व्याज देणारा धंदा करायला लिंडेन लॅबनं बंदी घातली.

याच्या उलट टोकाचा समज म्हणजे आभासी जमीन ही चांगली गुंतवणूक. नोव्हेंबर 2021 मध्ये 'डिसेंट्रालँड' या आभासी जगातला एक भूखंड 6,18,000 माना, म्हणजे तेव्हाच्या भावानं सुमारे 24 लाख डॉलरना विकला गेला. त्याच महिन्यात माना हे चलन पाच डॉलरच्या वर होतं, वर्षभरात ते एका डॉलरच्याही खाली आलं. वसईत आपण गुंठाभर जागा घेताना सातबारा बघतो, फेरफार बघतो, वारसांच्या सह्या बघतो. तिथे सातबारा नाही. बहुतेक ठिकाणी तुमच्या हातात असतो तो फक्त कंपनीनं दिलेला वापराचा परवाना. पेनसिल्व्हेनियातले वकील मार्क ब्रॅग यांचं सेकंड लाइफचं खातं कंपनीनं 2006 साली बंद केलं, तेव्हा विकत घेतलेली जमीनही त्यासोबत गेली. ते कोर्टात गेले आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. आपल्याकडे आभासी मालमत्तेच्या विक्रीतल्या नफ्यावर 1 एप्रिल 2022 पासून 30 टक्के आयकर आहे. लोक कर भरतात म्हणजे सरकारनं त्या व्यवहाराची हमी घेतली, असा अर्थ कुणी काढू नये.

"ऑनलाइनची मैत्री काय कामाची?"

नॉर्वेत मॅट्स स्टीन नावाचा एक तरुण होता. डुशेन या स्नायू क्षीण करणाऱ्या आजारामुळे त्याला चाकाच्या खुर्चीत बसावं लागे. पुढे पुढे तर बोटंच तेवढी थोडी हलत. तो दिवसचे दिवस 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये असायचा. आईवडिलांच्या जिवाला घोर होता, की आपला मुलगा प्रेम नाही, मित्र नाही, कुणाच्या उपयोगी पडणं नाही, असा एकटाच जाणार. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये वयाच्या 25 व्या वर्षी तो गेला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवरून ही बातमी कळवली आणि कधी नावही न ऐकलेल्या माणसांची पत्रं यायला लागली. त्या जगात तो 'इबेलिन' होता आणि 'स्टारलाइट' नावाच्या मंडळाचा सदस्य होता. आपल्या स्वमग्न मुलाशी बोलणं जमत नाही म्हणून हताश झालेल्या डेन्मार्कमधल्या एका आईला त्यानंच सुचवलं होतं, की घरात जमत नसेल तर गेममध्ये येऊन त्याला भेट. अंत्यविधीला निरनिराळ्या देशांतून त्याचे सोबती आले. त्याच्यावर 2024 साली माहितीपट आला. मुलगा वाया चाललाय असं वाटणाऱ्या प्रत्येक आईबापानं तो बघावा.

मॅट्सचे आईवडील मायेला कुठेच कमी पडले नव्हते. मुलगा कुणाकुणात वावरतो, एवढंच त्यांना कळलं नव्हतं.

"सरकारनं ऑनलाइन गेम बंद केलेत"

2025 च्या ऑगस्टपासून हे वाक्य लोकलमध्ये फार ऐकलं. 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या कायद्यानं बंदी घातली आहे ती पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर. मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मुंबईच्या ड्रीम 11 नं पैशांच्या स्पर्धा थांबवल्या त्या यामुळेच. ई-स्पोर्ट्सना याच कायद्यानं मान्यता दिली आहे, आणि करमणुकीच्या गेमांवर बंदी नाही.

पब्जी या गेमच्या बंदीबद्दलही असाच गैरसमज आहे. मुलं बिघडतात म्हणून 11 वर्षांच्या एका मुलानं आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात 2019 साली याचिका केली होती, हे खरं. पण 2 सप्टेंबर 2020 ला पब्जीसह 118 अ‍ॅप बंद झाली, ती देशाच्या सुरक्षिततेचं आणि लोकांच्या माहितीच्या गळतीचं कारण देऊन.

"जास्त खेळतो म्हणजे व्यसनी"

जागतिक आरोग्य संघटनेनं 1 जानेवारी 2022 पासून लागू केलेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे. पण त्याची खूण किती तास खेळला ही नाही. खेळणं आवरता येत नाही, जेवणखाण, अभ्यास, माणसं यांच्या आधी गेम येतो, नुकसान दिसत असूनही ते थांबत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं, तेव्हा डॉक्टर त्याला विकार म्हणतात. सुट्टीत चार तास खेळणारं पोर या यादीत बसत नाही. शाळा सुटलेलं, रात्र रात्र जागणारं, जेवणावरून उठून जाणारं पोर मात्र मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला हवं. बाबा-बुवाकडे नव्हे.

"तिथे सगळी मुलंच असतात"

हा सगळ्यांत घातक समज. रोब्लॉक्स या मुलांच्या आवडत्या गेमच्या जगात वर्षानुवर्षं वय स्वतःच टाकायचं असे. चाळिशीचा माणूस बारा लिहू शकत होता. मुलांच्या सुरक्षिततेचं कारण देत तुर्कस्ताननं ऑगस्ट 2024 मध्ये रोब्लॉक्स बंद केलं. चॅटसाठी चेहऱ्यावरून वय तपासण्याची पद्धत कंपनीनं जाहीर केली ती थेट 2025 मध्ये. फसवणारा माणूस सहसा एकाच वाटेनं येतो: आधी गेममध्ये मदत, मग फुकट रोबक्स (रोब्लॉक्सचं चलन), मग 'दुसऱ्या अ‍ॅपवर बोलू', मग फोटो. मुलानं असं काही सांगितलं तर त्याच्यावर ओरडू नका. चॅट पुसून टाकू नका, स्क्रीनशॉट काढा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके ते परत मिळणं कठीण.

आमच्या घरी मोबाइल काढून घेतला नाही. पुतण्याच्या बापानं त्या दादाशी बोलायचं ठरवलं. तो कॉलेजात शिकणारा मुलगा निघाला, आधी बिचकला, मग बोलला. आता त्यांचं बोलणं ओट्यावर बसून, स्पीकरवर चालतं. अनोळखी माणसाला निरोप पाठवता येणार नाही अशी सोय सेटिंगमध्ये करून ठेवली आहे, आणि बापाचं कार्ड त्या मोबाइलमध्ये नाही.

तुमच्या घरातल्या पोराला आज संध्याकाळी एवढंच म्हणा: तुझं तिथलं घर दाखव, आणि शेजारी कोण कोण राहतं ते सांग.