तीसच नाणी का? जखऱ्याचा मेंढपाळ आणि आमचा कापूस

ज्यांना इअरफोन लावायला वेळ नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग लेखी.

एका श्रोत्याने विचारलं होतं, "यहूदाने येशूला तीस नाण्यांसाठी धरून दिलं. पण तीसच का?" उत्तर खूप जुनं आहे: हिब्रू बायबलमधल्या जखऱ्याच्या पुस्तकाचा 11वा अध्याय.

जखऱ्या हा इ.स.पू. 520 च्या सुमाराचा संदेष्टा. बाबेलहून परतलेले यहुदी तेव्हा यरुशलेमचं मंदिर पुन्हा बांधत होते. (हा अध्याय त्यानंतरचा असावा, असं बरेच अभ्यासक मानतात.)

गोष्ट अशी. एक कळप आहे, कत्तलीसाठीच ठरलेला. विकणारे श्रीमंत होतायत आणि मेंढ्यांची दया कुणालाच नाही. संदेष्टा त्यांचा मेंढपाळ होतो. हातात दोन काठ्या, एकीचं नाव कृपा, दुसरीचं एकी. पण कळपाला तो नकोसा होतो, आणि त्यालाही कळपाचा वीट येतो. तो पहिली काठी मोडतो आणि मजुरी मागतो. तीही कशी? वाटलं तर द्या, नाहीतर राहू द्या. ते चांदी तोलून देतात. तीस शेकेल.

शेकेल हे मुळात वजन, साधारण 11 ग्रॅम. म्हणजे सगळी मिळून तीनशे-साडेतीनशे ग्रॅम चांदी. रक्कम अगदीच फालतू नाही. मग अपमान कुठे आहे?

निर्गमाच्या 21व्या अध्यायात कायदा आहे: कुणाच्या बैलाने दुसऱ्याच्या गुलामाला शिंग मारून ठार केलं, तर गुलामाच्या मालकाला तीस शेकेल भरपाई द्यायची. आता कळलं? काहीच दिलं नसतं तर "विसरले" म्हणता आलं असतं. तीस दिले म्हणजे विचार करून, तोलून सांगितलं, की आमच्या लेखी तू मेलेला गुलाम.

हे मला पुस्तकाआधी यवतमाळात कळलं होतं. मी शाळेत असताना बाबांसोबत कापूस विकायला गेलो होतो. व्यापाऱ्याने गाडीत हात घातला, "ओला आहे" म्हणाला आणि भाव पाडला. ओलावा मोजायचं यंत्र नाही, काही नाही. बाबा म्हणाले, "तुमीच सांगा मंग." पैसे घेतले. परतताना बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "त्यानं कापसाचा भाव केला का माहा?"

जखऱ्यात पुढे हाच प्रश्न उलटतो. देव त्या रकमेला उपहासाने भली मोठी किंमत म्हणतो, आणि ही *माझी* किंमत केली असं सांगतो. म्हणजे मेंढपाळाला कमी लेखणं हे थेट देवाला कमी लेखणं ठरतं. तो पैसे मंदिरात कुंभाराकडे फेकायला सांगतो. मेंढपाळ घासाघीस करत नाही, पण ती चांदी स्वतःजवळ ठेवतही नाही. मग दुसरी काठीही मोडतो. यहूदा आणि इस्राएलचं भाऊपण तुटतं.

मत्तयाच्या शुभवर्तमानात यहूदा ती नाणी मंदिरात फेकतो आणि त्यातून कुंभाराचं शेत विकत घेतलं जातं. गंमत म्हणजे मत्तय नाव यिर्मयाचं घेतो. यिर्मयाच्या पुस्तकात कुंभारही आहे आणि शेतखरेदीही, त्यामुळे मत्तयने दोघांचे धागे एकत्र विणले असावेत, असं एक स्पष्टीकरण आहे. यहुदी वाचक मात्र हा अध्याय येशूशी जोडत नाहीत, तो इस्राएलच्या पुढाऱ्यांबद्दल वाचतात.

यवतमाळकरांसाठी एक जाता जाता: पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 पर्यंत आपल्या यवतमाळातच होती. अशा अध्यायांचा अभ्यास इथेच चालायचा.

मला यातून "स्वतःची किंमत ओळखा" छापाचं स्टेटस मिळालं नाही. मिळालं ते एवढंच: ठरवलेला भाव आणि आपली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भाव बऱ्याचदा लावणाऱ्याबद्दलच जास्त सांगतो. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी दिलं नव्हतं. हा भाग त्यांना पाठवतोय.

भेटू पुढच्या भागात!