एक ओळ, एक काम

सावनेरच्या परिसरांत संत्र्याची बाग राखणाऱ्या बागाईतदारास थंडीच्या दिवसांत स्वस्थता नसते. आंबिया बहार धरावयाचा तर झाडांचें पाणी तोडून त्यांस ताण द्यावा लागतो. जमीन हलकी असल्यास थोडे दिवस, भारी असल्यास अधिक. पुढें आळीं करणें, खत घालणें आणि बेताच्या पाण्यानें ताण मोडणें. यांत हयगय झाली तर फुलोरा विरळ येतो आणि ती तूट त्या बहारापुरती भरून निघत नाहीं. त्यांतच पंपाची दुरुस्ती, सोसायटीचा हप्ता, मुलाची फी हीं कामें असतातच.

इतकें सारें डोक्यांत ठेवूं नये, कोठें तरी उतरून ठेवावें, हें शहाणपण जुनेंच आहे. संगणकावर त्यासाठीं घंटा वाजविणारीं रंगीत साधनें पुष्कळ आहेत. मात्र त्यांची निगा राखणें हेंच कित्येकांस एक नवें काम होऊन बसतें. त्याहून साधी रीत आज्ञा-ओळीची होय. चित्रांवर बोट न ठेवतां कळफलकावर आज्ञा टंकावयाची व संगणकानें ती पाळावयाची. बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनीं ज्या युनिक्स प्रणालीस आरंभ केला, तिच्या परंपरेंत ही रीत फार मुरलेली आहे.

२००६ सालीं जीना ट्रॅपानी या अमेरिकन लेखिकेनें याच परंपरेंतून 'टूडू डॉट टीएक्सटी' ही पद्धत काढली. एक साधी मजकुराची फाईल. तींत एका कामास एक ओळ. 'ॲड' म्हटलें कीं ओळ वाढते, 'एलएस' म्हटलें कीं यादी दिसते, 'डू' म्हणून ओळीचा क्रमांक दिला कीं काम पुरें झाल्याची नोंद होते. ओळीच्या आरंभीं कंसांत रोमन 'ए' घातला तर तें काम सर्वांत निकडीचें. 'ताण मोडणें +आंबिया @बाग' असें लिहिलें, तर अधिक चिन्हानें कोणत्या कार्याचा भाग तें कळतें व दुसऱ्या चिन्हानें कोठें करावयाचें तें. बागेंत निघतांना '@बाग' एवढेंच विचारलें कीं तेथलीं कामें पुढें येतात. सोसायटीचा हप्ता मध्यें डोकावत नाहीं.

मराठींत यादी लिहितां येते, पण एक अडचण ध्यानांत ठेवावी. कंसांत 'अ' लिहिल्यास प्रोग्राम त्यास अग्रक्रम मानीत नाहीं. तेथें रोमन मोठें अक्षरच हवें. तसेंच पुऱ्या कामाच्या ओळीपुढें लहान 'एक्स' लागतो. इंग्रजी यादी अक्षरक्रमानें लावली कीं अशा ओळी बहुधा तळाशीं जातात. संगणकाच्या क्रमांत देवनागरी अक्षरें रोमन अक्षरांच्या मागून येत असल्यानें मराठी यादींत मात्र त्याच ओळी न झालेल्या कामांच्या डोक्यावर बसतात. म्हणून झालेलीं कामें दुसऱ्या फाईलींत हलवावीं. त्यासाठीं 'आर्काइव्ह' ही आज्ञा आहे.

ही यादी आपण होऊन कोणास हांक मारीत नाहीं. रोज सकाळीं ती उघडून पाहण्याची संवय मालकासच लावून घ्यावी लागते, आणि ती नसेल तर वहीच बरी.

हलविलेल्या ओळींवर काम पुरें झाल्याची तारीख राहते. पुढल्या थंडींत त्या फाईलींत 'ग्रेप' या आज्ञेनें 'ताण' हा शब्द शोधला, तर गेल्या साली पाणी कधीं तोडलें व कधीं सोडलें, या दोन्ही ओळी तारखांसह पडद्यावर येतात.